चिकटपट्टीवरची तारीख

हात धुण्याच्या नाचात आमच्या कक्षाला पहिलं बक्षीस मिळालं आणि त्याच आठवड्यात रोसविदाच्या बाळाचं पोट फुगलं. दोन्हींत मी सामील होते, म्हणून मीच सांगते.

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या सरकारी रुग्णालयात बावीस वर्षं मी अपुऱ्या दिवसांच्या बाळांची नर्स आहे. रोसविदाचा मुलगा अकरा आठवडे आधी जन्मला. वजन अकराशे ग्रॅम. एवढ्या बाळाला चोखता येत नाही. तोंडातून पोटात बारीक नळी घालायची आणि आईने काढून दिलेलं दूध तिच्यातून हळूहळू सोडायचं. नळी तीन दिवसांनी बदलायची आणि गालावरच्या चिकटपट्टीवर तारीख घालायची, असा आमचा नियम.

एप्रिल संपता संपता बारीक नळ्याही संपल्या. मागणीच्या कागदावर तीन सह्या लागतात आणि सह्या करणारे तिघेही नाचाच्या तालमीला. दर वर्षी 'हात धुवा सप्ताहा'त कक्षाकक्षांची स्पर्धा असते. गाणं, एकसारखे टी-शर्ट, फेसाचे हावभाव, सगळं साग्रसंगीत. आमच्या मुख्य नर्स मिसेस दुमांकास पहिल्या रांगेत नाचतात. सकाळच्या फेरीत त्या म्हणाल्या, "तपासणीवाले पट्टी बघतात. तारीख ताजी दिसली पाहिजे. कळलं ना?"

कळलं. आम्ही पट्ट्या बदलल्या, नळ्या तशाच ठेवल्या. तपासणीत शंभरपैकी शंभर मिळाले.

रोसविदा एका बेकरीत कामाला. चोवीस वर्षांची, अंगाने किरकोळ, बोलणं कमी. दर तीन तासांनी दूध काढून द्यायला यायची. बाहेरचे जंतू आत आणतात त्या आयाच, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी तिला तोंडावर ऐकवायची. हाक मात्र 'इंदाय', म्हणजे पोरी, अशीच मारायची.

"इंदाय, हात धुतलेस?"

"धुतले, मॅम."

"परत धू. कोपरापर्यंत. नखं बघू."

धुऊन धुऊन तिच्या बोटांना भेगा पडल्या. मी मात्र नळीच्या आत कधी डोकावले नाही.

सातव्या दिवशी बाळाचं पोट टणक झालं आणि नळीतून हिरवट पाणी वर आलं. डॉक्टर विलारुस यांनी दूध थांबवलं, एक्स-रे काढला, औषधं सुरू केली. "आतडं सडायला लागलं तर पोट उघडावं लागेल," त्या म्हणाल्या, "आणि एवढासा जीव ते कितपत सोसेल, सांगता येत नाही." मी बाहेर आले आणि सरळ रोसविदावर घसरले.

"घरून काय घेऊन आलीस? कशाला हात लावलास?"

ती रडत होती. रडता रडताच म्हणाली, "मॅम, रागावू नका. पट्टी आजची आहे. नळी पहिल्या दिवशीचीच आहे."

"तुला काय कळतं गं नळीतलं?"

"नळीतलं नाही कळत. पट्टीतलं कळतं. बेकरीत शिळ्या पावाच्या पिशवीवर नवी तारीख मीच चिकटवते. चार वर्षं झाली. मालक म्हणतो, गिऱ्हाईक तारीख बघतं, पाव कोण बघतो?"

कुणीतरी कानाखाली वाजवावी तसं झालं मला. ती पट्टी मीच लावली होती. अक्षर माझं होतं.

दूध थांबलं तरी पोटातली हवा काढायला नळी लागणारच होती, पण नवी कुठे मिळणार? कपाटात नव्हतीच. मग आठवलं. बाहेरच्या व्हरांड्यात सप्ताहाचं प्रदर्शन होतं. थर्माकोलच्या फळ्यावर 'स्वच्छता हेच प्रेम' आणि त्याखाली नमुना म्हणून तीन नव्याकोऱ्या बारीक नळ्या, सीलबंद. मी तिन्ही ओरबाडून घेतल्या. वेष्टन धड असल्याची खात्री केली, हात धुतले (न नाचता) आणि बाळाची नळी बदलली. जुनीचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. नळीच्या आत दुधाचा पातळ थर आणि त्यात जंतूंची गच्च वस्ती. डॉक्टर म्हणाल्या, "पोट नळीमुळेच फुगलं असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण या बाळांच्या पोटात आधी कोण घर करतं, यावर बरंच अवलंबून असतं. आई दुधातून चांगले जंतू पाठवत होती. आपण त्यांना या घाणेरड्या बोगद्यातून पाठवत होतो." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

पोट उघडावं लागलं नाही. चौथ्या दिवशी ते मऊ पडलं. सहाव्या दिवशी आईचं दूध पुन्हा सुरू झालं, एक-एक मिलिलिटर. मी त्या दिवशी साठवणीच्या खोलीत जाऊन पोटभर रडले.

मला मेमो मिळाला: 'प्रदर्शनाचे साहित्य विनापरवानगी काढल्याबद्दल.' परीक्षक आले तेव्हा फळा रिकामा होता, तरी नाचावर बक्षीस मिळालं. अहवालावर समितीची बैठक झाली आणि एकमताने ठरलं, की यापुढे पट्टीवरची तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी. नळ्याही आल्या, तीन सह्यांनिशी. मी आता बाहेर राहणाऱ्या टोकाला, नळीवरच, तारीख घालते. त्याबद्दल अजून मेमो आलेला नाही.

बाळ घरी जायच्या दिवशी रोसविदा मोठा पाव घेऊन आली. सवयीने मी पिशवी उलटीसुलटी केली. पट्टी कुठेच नव्हती.

"तारीख गं?"

"पावावर बघा, मॅम."

भाजण्याआधी सुरीने वरच्या सालीवर कोरलेली होती. त्याच दिवसाची.

"मालकाला चालतं हे?"

"तारीख अशी कोरली त्या पहिल्याच दिवशी त्याने मला कामावरून काढलं. हा घरी भाजलाय," ती म्हणाली आणि पोराला छातीशी धरून निघाली.

पाव आम्ही बक्षिसाच्या चषकाशेजारी ठेवून कापला. तारखेचा तुकडा मी मुद्दाम मिसेस दुमांकास यांच्या बशीत ठेवला. त्यांनी न बघताच लोणी लावून खाल्ला आणि म्हणाल्या, "वा, ताजा आहे."