फडक्यात राहिलेला दोष

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात चपलांचा ढीग, वर पंखे गरगरतायत आणि मधोमध शेगडीवर पातेलं. पातेल्यात लोणी कढत होतं आणि शेजारी डोळे मिटून महाराज बसले होते. ज्यांना दूध सोसत नाही त्यांना हे महाराज तूप मंतरून देत, आणि ते तूप खरंच सोसे. आता बोला!

माझं औषधाचं दुकान आहे. चमत्कार आमच्याकडेही मागतात, पण आम्ही आधी डॉक्टरांची चिठ्ठी बघतो. मी तिथे गेले ती ताईसाठी. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या लेकीला, आमच्या चिमणीला, दुधाची ॲलर्जी. मागे एकदा कपभर दूध पोटात गेलं, तर पोरीचा चेहरा सुजला, श्वास कोंडला, उचलून हॉस्पिटलात पळवावं लागलं. तेव्हापासून डॉक्टरीणबाईंनी दूध, दही, पनीर सगळं बंद केलं. तपासण्या पाहून तूप तेवढं चालेल म्हणाल्या.

ताईचं म्हणणं, "अगं, तूप दुधाचंच ना? बोलण्याच्या नादात चुकल्या असतील बाई." म्हणून तिने परस्पर तूपही बंद केलं. मग महाराजांचं तूप चिमणीने खाल्लं, काहीच झालं नाही, आणि ताईने डॉक्टरच बंद केले.

"पाहा!" महाराजांनी डोळे उघडले. "दुधात सात जन्मांचा दोष असतो. माझ्या मंत्राला भिऊन तो तळाशी जाऊन बसतो!"

शिष्याने पातेलं फडक्यातून गाळलं. खाली पिवळंधमक तूप, फडक्यात तपकिरी बेरी. लोकांनी हात जोडले. माझ्या स्वयंपाकघरात हेच घडतं तेव्हा कुणी साधं वळूनही बघत नाही.

"आणि आज या बाळाचा दोष फिटला," ताईजवळ बसलेल्या चिमणीकडे बोट दाखवत महाराज म्हणाले. "आज ती दूध पिणार!"

शिष्याने दुधाचा पेला चिमणीच्या हातात दिला. महाराजांनी त्यावर फुंकर मारली. चिमणीने आईकडे पाहिलं. ताईने मान डोलावली.

"थांब गं चिमणे!" मी उठून तिचा हात धरला. "महाराज, एक शंका. दूध राहू दे. आधी फडक्यातली बेरी द्या ना तिला चमचाभर."

"छे छे!" महाराज दचकले. "त्यात तर सगळा दोष उतरलाय!"

"अस्सं. मग या पेल्यातलं दूध कुणी गाळलं?"

महाराजांनी पेल्याकडे पाहिलं, मग फडक्याकडे. शिष्यानेही पाहिलं.

"या दुधाला... वेगळा मंत्र आहे."

"मग तोच बेरीवर म्हणा की. म्हणा आणि भरवा."

"नको!" ताई किंचाळली. तिने पेला हिसकावून शिष्याच्या हातात कोंबला.

"ताई, हिला बाधतं ते दुधातलं प्रथिन," मी म्हटलं. "लोणी कढवलं की ते तळाशी बसतं, बेरीत. दुधातली साखरही तिथेच राहते. वर उरतो तो जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. मंत्र म्हणा नाहीतर शिव्या द्या, तूप तेच होतं."

मागून एक बाप म्हणाला, "माझ्या पोरालाही दूध चालत नाही. मग आता बिनधास्त तूप देऊ?"

"मुळीच नाही. तुपात थोडा अंश राहू शकतो, आणि एखाद्याला तेवढाही भारी पडतो. डॉक्टरांना विचारा. महाराजांना नको, मलाही नको."

जिना उतरताना ताई ढसाढसा रडत होती. "माझ्याच डोळ्यांदेखत पाजलं असतं गं तिला!"

चिमणीने माझं बोट ओढलं. "मावशी, मग मंत्र नसलेलं तूप मला चालेल?"

"उद्या डॉक्टरीणबाईंना पुन्हा विचारू."

"पण त्यांनी आधीच सांगितलं होतं ना?"

ताईने डोळे पुसले आणि तिला जवळ ओढलं.

असा चमत्कार तुमच्याही गल्लीत येईल. जरूर बघायला जा. फक्त हात जोडण्याआधी फडक्यात काय राहिलं ते विचारा. आणि कुणी लेकराच्या तोंडाला पेला लावत असेल, तर विचारत बसू नका. आधी हात धरा.