बशीतली शेंदरी अळंबी

मी एक अळंबी बोलतेय. कुठली, ते विचारू नका. त्याच गोंधळात माझं निम्मं आयुष्य गेलं.

लिथुआनियातल्या रानात, एका कुजक्या काटकीवर, शेवाळात मी उगवले. डोकं मसुराच्या डाळीएवढं, रंग शेंदरी, पाय पिवळा, दोऱ्यासारखा. लोक टोपल्या घेऊन यायचे, मोठाल्या तपकिरी अळंब्या खुडून न्यायचे. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. मला वाटायचं, मी दिसतच नसेन.

मग उग्ने आली. चार वर्षांची पोर, आई आणि मामाबरोबर. मामा, गिंतास, अळंब्या शोधण्यात गुंग. उग्नेने माझ्या शेजारची बहीण उपटली आणि तोंडात टाकली.

"थुंक! आधी थुंक!" मामा ओरडला.

"गिळली," उग्ने म्हणाली. "गोड नव्हती."

तिची आई योलिता झाडांमधून धावत आली. "एवढंसं लेकरू सांभाळता येत नाही तुला?"

मामाने गुडघे टेकून मला शेवाळासकट उचललं. "हिच्यावरूनच कळेल, पोरीने काय खाल्लं ते."

इस्पितळात उग्नेला आत नेलं आणि मला बशीत ठेवलं. अळंब्यांच्या जाणकार रेगिमांताबाई भिंग घेऊन वाकल्या. एकेक जात आठवून मान हलवत म्हणाल्या, "छे, तीही नाही." माझं डोकं उलटं करून पाहिलं, पायाचा तुकडा कापून पाहिला. मी घाबरले. माझ्यात विष आहे का? मला खरंच ठाऊक नव्हतं.

शेवटी बाई म्हणाल्या, "ओळख पटली. जीव घेणाऱ्यांतली नाही ही."

"म्हणजे खाल्ली तर चालते?" मामाने विचारलं.

"असंही नाही हो. इतकी बारीक, की कुणी खाऊन पाहिलेलीच नाही. पोरीवर लक्ष ठेवू."

दुसऱ्या दिवशी उग्ने आईच्या कडेवर बाहेर आली, बटाट्याची धिरडी हवीत म्हणून हट्ट करत. योलिताने भावाच्या खांद्यावर डोकं टेकलं. तेव्हा कुठे मामाला रडू फुटलं.

उग्ने माझ्या बशीवर वाकली. "आई, हिला कापताना दुखलं का गं?"

माझ्या दुखण्याची चौकशी पहिल्यांदाच कुणीतरी केली होती.

आता मी वाळत चालले आहे, शेंदरी रंग उतरतोय. माझ्या बहिणी अजून त्या रानात आहेत. त्यांना वाकून जरूर पाहा, फक्त सोबतच्या लेकराचा हात सोडू नका.