न वाचता येणारी मेमरी

ताईच्या विणकामाच्या मशीनमधली मेमरी चिप मेली, आणि तसल्या चिप बनणं बंद होऊन जमाना लोटला होता. शाळेच्या स्वेटरांचं काम ताईने अंगावर घेतलेलं. सोमवारी मशीन सुरू झाली नाही तर काम हातचं जाणार. धाकटी बहीण पडली जुन्या इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्तीवाली, मग ताई आणखी कोणाकडे जाणार?

धाकटीने सकाळीच व्यापाऱ्यांना फोन लावायला घेतले. ही मंडळी मोठी बिलंदर. काहीही मागा, "आहे की!" म्हणतात आणि भलत्याच चिपवरचा छापा खरवडून, हवा तो नंबर मारून पाठवून देतात. म्हणून ती आधी अशी चिप मागायची, जी कधी जन्मालाच आली नाही. तिच्यात नुसतं लिहिता येतं, लिहिलेलं वाचता मात्र येत नाही. कुठल्याशा रिकामटेकड्या इंजिनिअरांनी पूर्वी काढलेली ही थट्टा. जो "आहे" म्हणेल त्याच्यावर काट.

पहिल्याकडे शंभर होत्या. काट. दुसऱ्याचा माल कालच आला होता. काट. तिसरा म्हातारा होता, आवाज घोगरा. तो म्हणाला, "आहे ना! किती टन देऊ?"

धाकटीचं डोकंच फिरलं. "लाज वाटते का थोडी?" म्हणत तिने फोन आपटला. यादीत आणखी कोणी उरलंही नव्हतं.

संध्याकाळी तिने हे तणतणत नवऱ्याला सांगितलं, तर तो पोट धरून हसायला लागला. "अगं, चिप कोणी टनावर विकतं का? तो तुझीच फिरकी घेत होता. अख्ख्या बाजारात त्या एकट्याला तो विनोद ठाऊक, आणि त्यालाच तू हाकललंस!"

आता काय म्हणावं! तिने म्हाताऱ्याला पुन्हा फोन लावला, माफी मागितली आणि ताईच्या चिपचा नंबर सांगितला.

"दोन होत्या की, कोऱ्या करकरीत," म्हातारा म्हणाला. "दुपारीच एक जण घेऊन गेला. कोण कुठला, विचारलं नाही मी. पण बाई, फार वर्षांनी कोणीतरी ती न वाचता येणारी चिप मागितली. बरं वाटलं."

तिने ताईला फोन केला.

"मिळाली का गं?"

"मिळत होती. मीच घालवली," असं म्हणून धाकटीने सगळं सांगून टाकलं. तिला रडू येत होतं.

"बरं," ताई म्हणाली. "शाळेला मीच कळवते. तू नको करूस. तू फोन आपटशील."