सव्वाशेचा रोल

मित्रांनो, मी मालेगावच्या रतनसिंगच्या स्टुडिओतला कॅमेरा. जुना आहे, मान्य! पण माझी दोन्ही भिंगं, वरचं बघायचं आणि खालचं टिपायचं, अजून शाबूत आहेत, तेव्हा मोडका म्हणाल तर याद राखा.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. आठवतो तो रतनसिंगचा हात. माणूस बोलायला खडूस, पण रोल भरायचा तो असा अलगद, की मला गुदगुल्या व्हायच्या.

माझ्या पोटात रुंद फिल्म जाते. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. आणि फिल्मलाही स्वभाव असतो बरं, खोक्यावरच्या आकड्यावरून तो कळतो! पन्नासची मंद. तिला उजेड फार लागतो, वेळही लागतो; तोवर कुणी मान हलवली की चेहऱ्याचं भूत! चारशेची चलाख. अंधुक उजेडातही पटकन टिपते; पण तिचे दाणे जाड, फोटो मोठा केला की रवा सांडल्यासारखा दिसतो. सव्वाशेची या दोघींच्या मधली. अंगणातल्या उजेडात तिच्यासारखी दुसरी नाही. तिच्यावर काढलेले फोटो पाहून लोक म्हणायचे, "रतनसिंगच्या डब्यात मानूस बोलते!" तेव्हा मी किती फुगायचो, काय सांगू!

१९७४ च्या उन्हाळ्यात देवमन दुकानात आला. जऊळका स्टेशनवर नोकरीला होता तो. त्याच्या आईचा, वच्छलाबाईंचा, जन्मात एकही फोटो नव्हता.

"माय तयार झाली," तो म्हणाला, "पन एकटी बसाले नाही म्हनते. एकट्याचा फोटू काढला का मानूस लवकर जाते म्हने."

"मंग साऱ्या घराले बसवा," रतनसिंग म्हणाला आणि त्याने सव्वाशेचा रोल काढला.

का काढला, ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे असंच चालतं. म्हातारी माणसं घोळक्यात बसतात, आणि ती गेली की घरचे तोच फोटो घेऊन येतात, त्यातला तेवढा चेहरा मोठा करून मागतात. तिथे बारीक दाण्याची फिल्मच हवी. पण हे लेकाच्या तोंडावर कसं बोलायचं?

देवमनची नजर टेबलावरच्या रिकाम्या खोक्यावर गेली. "हा चारशेचा कोनासाठी होता?"

"तुमच्या गावच्या रामरावच्या पोरीच्या लग्नाले."

"रामरावले चारशे, आन् आमाले सव्वाशे? काहून?"

मित्रांनो, देवमनच्या समाजाने बौद्ध धम्म घेतला त्याला कितीतरी वर्षं झाली होती. तरी त्याच्या गावच्या हॉटेलात त्याच्यासाठी कान तुटलेला कप वेगळाच टांगलेला असे. अशा माणसाला कमी आकड्याचं खोकं दिसलं, तर त्याने दुसरं काय समजावं?

रामरावकडचं लग्न दिवेलागणीला लागलं होतं, म्हणून तिथे चारशेची. एवढंच सांगायचं होतं! पण रतनसिंगच्या नाकाला मिरची झोंबली. "मी का भेदभाव करून राह्यलो? घ्या, चारशे!" असं म्हणून त्याने खटकन रोल भरला. त्या दिवशी मला गुदगुल्या झाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लख्ख उन्हात सगळं घर अंगणात बसलं. मधोमध वच्छलाबाई.

"ह्या डब्यातून काय निंगते बाप्पा, साप?"

"आजी, हास ना व!" देवमनची धाकटी लेक बेबी ओरडली.

"दात नाईत, हासू काय?" असं म्हणत म्हातारी खरंच हसली. डोळ्यांभोवती सुरकुत्यांचं जाळं पसरलं. केवढी गोड दिसली ती!

पोळ्याच्या आधीच वच्छलाबाई गेल्या. देवमन तोच फोटो घेऊन आला. "मायचं तोंड मोठं करून द्या. भितीवर लावाचं हाय."

फोटो न्यायला तो बेबीला घेऊन आला. रतनसिंगने तो भिंतीला टेकवून ठेवला होता. दारातूनच बेबी ओरडली, "आजी!" आणि धावली. हातभर अंतरावर थबकली. मागे सरकली, पुन्हा पुढे गेली.

"बाबा, जवळ गेलं का आजी राह्यतच नाही."

सगळे दाणे. नुसते काळे-पांढरे दाणे.

"सव्वाशेत दिसली असती?" देवमनने विचारलं.

"इतकं मोठं केलं तं थोडे दाने आलेच असते. पन डोये राह्यले असते, नजर दिसली असती."

"मंग तवा काहून नाही सांगतलं?"

"तुमी आयकलं असतं?"

"कोनी सांगून तं पाहावं आमाले!" देवमन म्हणाला. फोटो कागदात गुंडाळून, पोरीचा हात धरून तो निघून गेला.

आता रतनसिंगने छोटा, नवा कॅमेरा घेतलाय. मी फळीवर धूळ खातो. माझी कीव करू नका, धूळ पुसता येते. पण मित्रांनो, एवढं ऐका. फिल्म निवडताना आधी उजेड पाहा, आकडा नंतर. आणि ज्याच्यासाठी निवडाल त्याला ती का निवडली ते सांगा. ज्याला जन्मभर खालचंच दिलं, त्याने तुमच्या मनातलं चांगलं आपोआप ओळखावं, ही कसली अपेक्षा?

वच्छलाबाई हसल्या तेव्हा त्यांचे डोळे मी पाहिले होते, अगदी स्पष्ट. पण मी पडलो कॅमेरा. फिल्मवर जे उरलं नाही, ते मी बेबीला कसं दाखवू?