फ्रीजरचं दार

जनुकं तपासणाऱ्या त्या बड्या कंपनीच्या तिन्ही संचालकांना फोटोग्राफरने प्रयोगशाळेत उभं केलं. त्यांतल्या शास्त्रज्ञ बाईंनी सवयीने मागच्या फ्रीजरला पाठ लावली.

“मॅडम, टेकू नका.”

बाई ओशाळल्या. पहिल्या भाड्याच्या गाळ्यातला फ्रीजर जुनापुराणा, त्या मेल्याचं दार कधी धड लागायचं नाही. नमुने वितळू नयेत म्हणून मीटिंगभर तिघांपैकी कुणीतरी दाराला पाठ लावून उभं राहायचं. पाठ गारठली की दुसरा यायचा. कडाक्याची भांडणं व्हायची, पण दार कुणी सोडलं नाही. आता दारं आपोआप लागतात, आणि तिघं फक्त ईमेलवर बोलतात.

तेवढ्यात तिघांतले, बाईंशी वर्षभर अबोला धरलेले अध्यक्ष शेजारी आले.

“सरक,” ते म्हणाले, “आता माझी पाळी.”