सागाचे तुकडे, नग अकरा

तुम्ही एका लुळ्या बाईच्या अंगाखालची खाट काढून नेलीत. जंगलखात्याच्या गार्डानं नेली, शिपायानं नेली, आम्हाला ठाऊक नाही, असलं काही सांगू नका. कागदावर सही तुमची आहे.

किन्हवलीच्या सावळाराम सुतारानं ती खाट हौसेनं केली नव्हती. लढाईच्या चौथ्या वर्षी, भात झोडणीच्या दिवसांत, त्याची बायको लहानी भाऱ्यांच्या उंच उडवीवरून पडली आणि कमरेखाली लाकूड झाली. महिन्याभरात माकडहाडावर रुपयाएवढी जखम पडली, मग तळहाताएवढी. डॉक्टर म्हणाला, "दोन-दोन घटकांनी कुशीवर फिरव. जेवताना उठती बसव. जमिनीवर ठेवू नकोस, ओल लागते." एवढं सांगून तो मोकळा झाला.

सावळारामनं शेजारची बाज आणली, तर त्याची आई धोंडूबाई दारात आडवी उभी.

"बाजेवर जीव गेला तं? पाठीला जमीन नको लागाय? सुनेला अधांतरी मारतोस काय रे?"

"आय, ती मरते कुठं? नुसती पडलीय."

"मी चार माणसं खाली घेतल्यात. येळ सांगून येत नाय."

बाज आत आली खरी, पण लहानीला कफ दाटला, डोळे फिरले की म्हातारी ओरडे, "खाली घ्या!" असं तीनदा झालं. तीनदा चार हातांनी तिला जमिनीवर घेतलं, तीनदा वर ठेवलं, आणि दर खेपेला धरलेली खपली कापडाला चिकटून आली. तिसऱ्यांदा लहानी म्हणाली, "अवो, मारायचं तं एकदाच मारा. ह्यो चढ-उतार नको."

म्हातारीला खोटं तरी कसं म्हणायचं? आपला बाप बाजेवर गेलेला सावळारामला स्वतःलाही सोसला नसता. दिवसभर तो हत्यारांपुढे नुसता बसून राहिला. संध्याकाळी उठला तो एकच धरून: बाईला उतरवायचं नाही, खाटेनंच उतरायचं.

चार उभे खांब, प्रत्येकाला दात पाडलेले. त्या दातांवर टेकणारी चौकट. उचलली की वरच्या दातावर बसे, पाचर काढली की एकेक दात खाली, शेवटी थेट जमिनीला. डोक्याकडचा अर्धा भाग निराळा, मधे बिजागरीसारखा मोडक्या गाडीचा लोखंडी कणा, आणि खाली उभ्या गाडीला देतात तसा टेकू. पहिले खांब आंब्याचे केले. दात मोडले, डोक्याकडची बाजू धाडकन खाली आली, लहानीची किंकाळी वेशीपर्यंत गेली. ते खांब त्यानं चुलीत घातले. मग पडवीचं सागाचं आढं उतरवलं. बापानं घातलेलं, चाळीस वर्षांचं. त्या जागी बांबू लावला.

नवी खाट तयार झाली तेव्हा धोंडूबाई आधी स्वतः तिच्यावर निजली. "घे खाली." खाली आल्यावर तिनं विणलेल्या सुंभाखाली बोटं घालून पाहिली. "टेकतंय. निजव तिला."

पडल्यापासून चार महिन्यांनी लहानी उठती बसली. दारातून अंगण दिसलं, तशी म्हणाली, "आत्याबाय, ती तांबडी कोंबडी आपली नाय. कुणाची आलीय?"

"डोळे आले गो हिला!" म्हातारी हसली.

दीड महिन्यात जखम कडेनं भरत आली. आणि तुमचा गार्ड आला.

"सागाचा पास दाखव."

"माज्या बापाच्या आढ्याचा पास?"

"करवतीची खूण ताजी दिसते. लढाई चालू आहे, साग सरकारला हवा."

लहानीला गोधडीसकट जमिनीवर ठेवलं. गार्डानं हातोडा उचलला तसा सावळाराम पुढं झाला. "ठोकू नका. मी काढतो." आपण बसवलेल्या पाचरा त्यानं आपल्याच हातानं एकेक काढून दिल्या.

शहापूरच्या कचेरीत कारकून म्हणाला, "घरचं सामान आम्ही धरत नाही. खाट असती तर जागीच सोडली असती. इथं लिहिलंय, सागाचे कापीव तुकडे, नग अकरा."

"जोडून दावतो."

त्यानं आवारात खाट जोडली. एका पट्टेवाल्याला निजवून वर घेतला, खाली घेतला. पट्टेवाला खुशीत ओरडला, "साहेब, पाळणा!" तुम्ही ओसरीवरून पाहिलंत. "खाट अशी खाली-वर होते कधी? हे यंत्र आहे. यंत्राला निराळी परवानगी लागते." एवढं बोलून आत गेलात.

त्या दिवसापासून त्याच्या नऊ खेपा झाल्या. घरी ओल्या जमिनीवर जखम पुन्हा उकलली. काल धोंडूबाईला जखमेत हाड दिसलं. जमिनीवर घ्या म्हणणारी ती म्हातारीच आज पहाटे लेकाला म्हणाली, "जा, आन ती खाट."

नवव्या खेपेला पट्टेवाला हाकलू लागला, तरी सावळाराम पायरीवरून हलला नाही. दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला:

"साहेब, तुकडं म्हणा, यंत्र म्हणा, तुमाला काय म्हणायचं ते म्हणा. पण भाईर या आणि तोंडानं सांगा, आज मी तिला कशावर निजवू?"