घरच्या गाडीची नळी

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. आमचे हे म्हणायचे, "तुझ्यापुढे माईक म्हणजे सूर्यापुढे काजवा!" चारचौघांत म्हणायचे आणि स्वतःच खो खो हसायचे. ह्यांना जाऊन आता तीन वर्षं होतील. मोटारींच्या कारखान्यात नकाशे काढायला म्हणून लागले होते, आणि निवृत्त झाले ते सगळ्यात वरच्या खुर्चीवरून.

एका स्कूटरवर नवरा, बायको आणि दोन पोरं पावसात भिजत चाललेली दिसली की ह्यांचा जीव तुटायचा. म्हणायचे, "ह्यांच्या डोक्यावर छप्पर देईन तर खरा." आणि दिलं. कंपनीने त्या छोट्या गाडीला काहीतरी आकड्यांचं नाव ठेवलं होतं, लोकांनी ते बाजूला सारून तिला चिमणी म्हणायला सुरुवात केली. चौदा वर्षं ती गाडी निघत राहिली. अनोळखी माणसं ह्यांना रस्त्यात थांबवून हात हातात घ्यायची आणि सोडायचीच नाहीत.

काही लोक ह्यांना खुनी म्हणायचे, तेही सांगते. घाटात चिमण्या दरीत गेल्या. एखादी नव्हे, बऱ्याच. चौकशी झाली आणि कागदावर आलं, चालकाची चूक. पण कारखान्याच्या फाटकाबाहेर एक बाई मुलाचा फोटो छातीशी धरून उभी राहायची. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, आजवर अकरा वर्षं. ना घोषणा, ना शिव्या, नुसती उभी. एकदा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गाडीतून उतरले आणि भर रस्त्यात तिला म्हणाले, "अहो बाई, तुमच्या मुलाला गाडी चालवता येत नव्हती, त्याला आमचे हे काय करणार?" घरी येऊन मी हे मोठ्या अभिमानाने ह्यांना सांगितलं, तर हे जेवणावरून उठून गेले. मला वाटलं, मी रस्त्यात तमाशा केला म्हणून रागावले.

आता त्या दिवसाचं सांगते.

कारखान्याच्या मोठ्या सभागृहाला ह्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. दुपारी चारला कार्यक्रम, मी दोन शब्द बोलायचे, आणि मग चिमणीवाल्यांची फेरी. अजून चिमणी जपून ठेवलेल्या दोनेकशे कुटुंबांना बोलावलं होतं. सगळ्यांनी ओळीने घाट चढायचा, वर फोटो काढायचा आणि उतरून परत यायचं. पुढे लेकीची लाल चिमणी, कारण कारखान्यातून निघालेली दुसरी गाडी तिची. लेक घाटमाथ्यावरच्या शहरात राहते. सकाळी दहाला तिचा निरोप आला, "निघतेय, पिल्लू मागे झोपलंय." पिल्लू म्हणजे माझी नात, चार वर्षांची.

अकराच्या सुमारास मिस्त्री आले. मिस्त्री म्हणजे ह्यांचे जुने मेकॅनिक. कारखान्यात तीस वर्षं ह्यांच्या हाताखाली होते. इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून कार्यक्रमाला निघालेले, वाटेत मला भेटायला वळले. मी म्हटलं, "बसा, लेकही येतेय. चिमणीच घेऊन येतेय, फेरीत पुढे राहायचंय ना!"

मिस्त्री बसता बसता उभेच राहिले.

"ताईंची चिमणी? ती विकली नाही?"

"विकेल कशी? बाबांनी दिलेली गाडी."

"घाट उतरून येतायत?"

"मग काय उडून येणार? तिकडून दुसरा रस्ता आहे का?"

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मला आधी वाटलं, चक्कर आली की काय. म्हणाले, "वहिनी, ताईंना फोन लावा. आत्ताच्या आत्ता. असतील तिथे गाडी उभी करा म्हणावं."

मी फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. उचलणार तरी कशी! ह्यांनी तिला गाडी शिकवली तेव्हा पहिला नियम हाच घातला होता, गाडी चालवताना फोन समोरच्या खणात टाकून खण लावून घ्यायचा आणि कितीही वाजला तरी हात लावायचा नाही. एकदा मोडला म्हणून ह्यांनी महिनाभर किल्ली काढून घेतली होती. जावईबापू कामाला परगावी होते, त्यांना सांगून काय होणार होतं?

"काय झालंय ते नीट सांगाल का, मिस्त्री? माझा जीव घेऊ नका!"

त्यांनी सांगितलं. खाली बघून, तुटक तुटक.

चिमणीच्या ब्रेकची रबरी नळी सायलेन्सरच्या पाइपच्या फार जवळून जाते. त्या उष्णतेने रबर आतून कुजतं. सपाट रस्त्यावर ती वर्षानुवर्षं चालते. पण लांब उतारावर ब्रेक सारखा दाबावा लागला की नळी फुगते आणि फुटते. मग पेडल दाबलं की पायाखाली काहीच नाही. गाडी बाजारात यायच्या आधी चाचणीत हे कळलं होतं. नळीची वाट बदलायची म्हणजे गाडीच्या तळाचा साचा बदलायचा, आठ महिने थांबायचं. तारीख जाहीर झाली होती. हे म्हणाले, पुढच्या मॉडेलमध्ये बघू.

"आणि घरच्या गाड्या?" मी विचारलं. विचारता विचारताच मला कळलं.

दर वर्षी उन्हाळा लागायच्या आधी आमच्या अंगणात चार चिमण्या यायच्या. आमची, लेकीची, दिरांची आणि माझ्या भावाची. दिवसभर मिस्त्री गाड्यांखाली झोपलेले आणि हे स्वतः बॅटरी धरून शेजारी उकिडवे. आम्ही थट्टा करायचो, आलं बाई चिमण्यांचं माहेरपण! मला वाटायचं, केवढं प्रेम ह्यांचं गाड्यांवर. दर वर्षी चार नव्या नळ्या बसत होत्या. चारच.

आणि हे गेल्यावर काय झालं? पहिल्याच उन्हाळ्याआधी मिस्त्री आले, म्हणाले, गाड्या बोलवा. अंगणात गाडी उभी आणि शेजारी बॅटरी धरलेले हे नाहीत, हे माझ्याच्याने बघवणार नव्हतं. मी फाटकातच ओरडले, "साहेब गेले, आता हे लाड पुरे! पुन्हा ह्या कामाला येऊ नका!" मिस्त्री गेले. माझ्या तोंडाने गेले. दिरांनी, भावाने आणि मीही नंतर गाड्या बदलल्या, लेकीने नाही बदलली.

"तेव्हा का नाही बोललात?" मी किंचाळले.

"साहेबांना शब्द दिला होता. आणि वाटलं, जुनी गाडी, विकली असेल."

विकली असेल म्हणे! शब्द म्हणे! माझ्या मनात आलं, ह्या माणसाची गचांडी धरावी. पण मिनिटं चालली होती. मिस्त्रींच्या व्हॅनमध्ये बसलो आणि घाटाच्या पायथ्याचा रस्ता धरला.

पायथ्याला पेट्रोल पंप आहे. तिथून शेवटची तीन वळणं दिसतात. तिथे उभी राहून मी सोळा वेळा फोन लावला. वरच्या वळणावर गाडी दिसली की डोळे ताणून बघायचे. लाल म्हणता म्हणता पांढरी निघायची. ट्रक. बस. कुणाची तरी मोठी गाडी. मी पंपावरच्या माणसाला विचारलं, वर काही झालंय का? तो म्हणाला, "काय कल्पना नाही, आजी." आणि तेवढ्यात एक रुग्णवाहिका सायरन वाजवत वर गेली.

मी मिस्त्रींचा दंड पकडला. दिवसाढवळ्या, ऐन उन्हात माझे दात वाजत होते. चिमणीच्या मागच्या सीटला पट्टेही धड नाहीत हे आठवलं, आणि पिल्लूची झोपायची सवय आठवली, एक पाय सीटखाली लोंबणारा. मी ह्यांना शिव्या दिल्या. मोठ्याने, पंपावर, लोकांदेखत. आयुष्यात पहिल्यांदा. मेलं तुमचं छप्पर, म्हटलं, माझी पोरं मला परत द्या.

मग सगळ्यात वरच्या वळणावर काहीतरी लाल दिसलं. इतकं हळू येत होतं की मागे गाड्यांची रांग लागली होती आणि सगळे हॉर्न मारत होते. चिमणी. इंजिन घूं घूं करत होतं. ती वळली, अजून वळली, पंपात शिरली आणि हवेच्या यंत्राशेजारच्या टायरच्या ढिगाला टेकून थांबली.

लेक उतरली. चेहरा पांढराफटक. "आई, अर्ध्या घाटात पेडल मऊ लागायला लागलं गं. मग पायच काढला आणि पहिल्या गिअरमध्ये आणली. बाबा म्हणायचे ना, ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. हँडब्रेक होता हाताशी. तू इथे काय करतेयस?"

मी पिल्लूला उचललं. ती झोपेतच कुरकुरली. माझा जीव भांड्यात पडला, आणि तिथेच जमिनीवर बसून मी भोकाड पसरलं.

मिस्त्री इस्त्रीच्या शर्टानिशी गाडीखाली शिरले. अर्ध्या तासाने बाहेर आले तेव्हा हातात जुनी नळी होती. एका जागी फुगून बोराएवढी झालेली, तेलाने ओली, चिरलेली. नवी बसवून झाली होती. तीन वर्षं ती नवी नळी त्यांच्या व्हॅनमध्येच पडून होती.

लेक पिल्लूला पाणी पाजायला गेली. मी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, झालं ते झालं. ती नळी कुठेतरी फेकून द्या. लेकीला सांगायचं, ब्रेकमध्ये हवा शिरली होती. आज ह्यांच्या नावाचा दिवस आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची."



"साहेब हेच म्हणाले होते, वहिनी. अगदी ह्याच आवाजात."

पंपावर घडलेल्या सगळ्यात मी त्या क्षणाला सर्वांत जास्त घाबरले. म्हणजे एवढं सोपं असतं? आपलं पोर उतरून खाली आलं की बाकीच्यांचं दिसेनासं होतं? इतकी वर्षं मी विचारत होते, माझ्या नवऱ्याला लोक खुनी कसं म्हणू शकतात, आणि ह्यांनी जे केलं ते मला जमायला अर्धा तास पुरला होता.

मी हात पुढे केला. मिस्त्रींनी नळी रुमालात गुंडाळून दिली. ती पर्समध्ये टाकली.

चार वाजता आम्ही कारखान्यात पोचलो. पहिली तारीख होती. फाटकाबाहेर ती बाई उभी होती, फोटो धरून. केस पार पिकले होते. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघण्याची हिंमत नव्हती.

मंचावर माझ्या शेजारी कंपनीचे नवे साहेब बसले होते. समोरच्या काचेतून मैदान दिसत होतं. तिथे चिमण्या ओळीने लावलेल्या. लाल, पिवळ्या, निळ्या, धुऊनपुसून लखलखीत केलेल्या. सगळ्यांच्या तोंडाची दिशा घाटाकडे. समोर खुर्च्यांवर त्या गाड्यांचे मालक, बायका, पोरं, एक म्हातारा तर ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन आलेला. पहिल्या रांगेत लेक होती, मांडीवर पिल्लू. तिला अजून काही माहीत नव्हतं. तिला ते माझ्या तोंडून, इथे, सगळ्यांसमोर कळणार होतं.

नवे साहेब उठून ह्यांच्याबद्दल बोलले. टाळ्या झाल्या. मग माझं नाव पुकारलं. लिहून आणलेला कागद मी उघडला. पहिलं वाक्य होतं, हे फार प्रेमळ होते. ते खोटं नव्हतंच, हेच तर दुखत होतं.

कागद मिटला. पर्समधली नळी काढून टेबलावर ठेवली.

"आज कुणीही चिमणी घाटात न्यायची नाही," मी म्हणाले. "फेरी रद्द. ही नळी बघा. आज सकाळी माझ्या लेकीच्या गाडीतून निघाली. अशीच तुमच्या प्रत्येकाच्या गाडीत आहे. आमच्या घरच्या गाड्यांची ती दर वर्षी बदलली जायची. आमचे हे स्वतः उभे राहून बदलून घ्यायचे. त्यांना माहीत होतं."

लेकीचा चेहरा मी बघितला. नको होता बघायला.

नवे साहेब अर्धवट उठले, कुणाला तरी बोटाने खूण केली. माईक खट करून बंद झाला. सभागृहात कुजबूज सुरू झाली, मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "काय म्हणाल्या? ऐकू येत नाही!" माझा एक हात नव्या साहेबांनी धरला होता, बसा बसा म्हणत होते. उघड्या दारातून पार फाटकापर्यंतचा रस्ता दिसत होता.

मी हात सोडवून घेतला, छातीत श्वास भरला आणि त्या फाटकापर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडले, "फाटकाबाहेर एक बाई उभी आहे! तिच्या मुलाला गाडी चालवता येत होती!"